जेसीबी आत यावा म्हणून मी भिंत पाडली

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात लेआउटमधल्या खोदकामावर एका वाचकाचं पत्र आलं होतं, त्यात सगळा राग जेसीबीवाल्यांवर काढला होता, म्हणे हे लोक नळ फोडतात, भिंती पाडतात अन निघून जातात. मला ते अर्धंच पटलं. कारण त्या जेसीबीला फोन करणारे आपणच असतो आणि फोनवर आपण एकच प्रश्न विचारतो, "तासाचे किती?" मी पण तेच विचारलं होतं म्हणून हे पत्र लिहून राहिलो, थोडं लांबलं तर कापून छापा पण छापा.

मी वीज खात्यातून रिटायर झालेला माणूस, बेसा भागात २४०० फुटाच्या प्लॉटवर घर, आणि कळमेश्वरकडे चार एकर संत्र्याची बाग आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात जे झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोकांच्या घरात छातीपर्यंत पाणी. आमच्याकडे तेवढं नव्हतं पण मागच्या अंगणात दोन दिवस पाणी तुंबून राहिलं अन सेप्टिक टँक उलटा मारायला लागला. तेव्हाच ठरवलं की मागं एक नवा शोषखड्डा करायचा आणि छताचं पाणी बाजूनं पाइप टाकून बाहेर काढायचं.

आता आपल्याकडे खोदायचं म्हटलं की दुसरा शब्दच नाही, जेसीबी बोलाव. हे खरं तर इंग्लंडमधल्या एका माणसाच्या नावाची तीन अक्षरं, जोसेफ सिरिल बॅमफर्ड, १९४५ साली एका भाड्याच्या गॅरेजात त्यानं धंदा सुरू केला. भारतात बल्लभगढला १९७९ पासून या मशिनी बनून राहिल्या, आणि आता कंपनी कोणतीही असो, पिवळी दिसली की जेसीबी. तसंच पोकलेनचं, ते पण एका फ्रेंच कंपनीचं नाव. नाव कंपनीचं अन वापर सगळ्यांसाठी, यात काही वाईट नाही, पण त्यामुळं होतं असं की मशीन निवडायची असते हेच डोक्यात येत नाही.

जेसीबी म्हणजे मुळात ट्रॅक्टरच, पुढं मोठी बकेट अन मागं पंजा. सुरवातीला तर तो पंजा खरोखरच शेतीच्या ट्रॅक्टरला मागून बसवलेला असायचा, आणि आजही गावाकडे ट्रॅक्टरला लोडर-पंजा लावून फिरणारे पुष्कळ आहेत. छोटा पोकलेन, ज्याला ऑपरेटर लोक मिनी म्हणतात, तो वेगळा प्राणी आहे. चेनवर चालतो, केबिन गोल फिरते, आणि सगळ्यात लहान तर साधारण पावणेदोन टनाचा असतो, रुंदी मीटरभर. जेसीबी साडेसात टनाच्या आसपास आणि रुंदी सव्वादोन मीटरच्या वर. हे आकडे मला नंतर कळले. आधी कळले असते तर बायकोचा अर्धा बगीचा वाचला असता.

झालं असं. नोव्हेंबरमध्ये एकाला फोन केला, त्यानं १२०० रुपये तास सांगितला, कमीत कमी ३ तास. मी खूश. सकाळी मशीन दारात उभी राहिली तर ऑपरेटर खाली उतरून पाहतो अन म्हणतो, "साहेब, जाणार कुठून?" माझं गेट दहा फुटाचं, ते ठीक, पण घराच्या बाजूची जागा पाच फूट. पाच फुटातून साडेसात फुटाचं धूड कसं जाईल? मग त्यानंच सुचवलं की मागचा प्लॉट रिकामा आहे, तिकडून कंपाउंडची भिंत दहा फूट पाडा, मी दहा मिनिटात आत. आणि संपादक साहेब, मीटर चालू आहे, मशीन दारात आहे, ऑपरेटर तोंडाकडे पाहून राहिला, अशा वेळी माणसाची अक्कल काय चालते हो? मी म्हटलं पाड.

भिंत पडली. मशीन आत आली. आणि फसली. आपली काळी माती कशी असते ते सांगायची गरज नाही, वरून कोरडी दिसते, भेगा पडलेल्या, अन खाली वीतभर गेलं की लोण्यासारखी. मागची चाकं फिरली अन बसली. पण एक सांगतो, त्या ऑपरेटरनं ती ज्या पद्धतीनं काढली ते पाहण्यासारखं होतं. पुढची बकेट खाली दाबून पुढची चाकं उचलली, मागचा पंजा जमिनीत रोवून ढकललं, परत बकेट, परत पंजा, खेकडा जसा नांग्यांवर सरकतो तसा तो सहा फूट सरकला. लेआउटमधली पोरं मोबाइल घेऊन भिंतीवर बसली होती. पंचवीस मिनिटं गेली त्यात, अर्थात माझ्या मीटरवर.

खड्डा मात्र झकास खोदला, खोटं बोलणार नाही. नऊ फूट खोल, चाळीस मिनिटात. जेसीबीचा पंजा चौदा-पंधरा फुटापर्यंत जातो, आपला खाली लागलेला मुरूम त्यानं पापडासारखा फोडला. पण पंजा फिरतो फक्त मागच्या अर्ध्या गोलात, म्हणजे माती डावीकडे टाक नाही तर उजवीकडे. डावीकडे माझी भिंत, उजवीकडे बायकोची मोगऱ्याची अन कढीपत्त्याची झाडं. झाडं गेली. शेवटी जॅक, म्हणजे खोदताना मशीन ज्यावर उभी राहते ते बाजूचे दोन पाय, उचलून वळताना डावा जॅक बरोबर नळाच्या लाइनवर टेकला अन फट्ट करून कारंजं. शेजारच्या काकू गॅलरीतून, "काय हो भाऊजी, आमचा नळ काहून गेला?" मी काय सांगू बाप्पा.

रात्री हिशोब केला. खोदकाम चार तास ४,८००. भिंत परत बांधायला १४,०००. नळाची लाइन १,८००. म्हणजे २०,६०० झाले, झाडांचं अन काकूंच्या बोलण्याचं वेगळं. जो मला १२०० रुपये तास स्वस्त वाटला होता तो पाच हजार दीडशे रुपये तास पडला.

यात त्या ऑपरेटरचा दोष किती? नळाचा आहे, थोडा. पण लाइन कुठून गेली हे मला पण माहीत नव्हतं, घर माझं असून. ३४ वर्षं नोकरीत मी लोकांना ओरडत आलो की केबल कुठं आहे ते पाहिल्याशिवाय कुदळ मारू नका. सरकारनं मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप पण काढलं, खोदणाऱ्यानं आधी त्यावर कळवायचं म्हणजे खालून कोणाची केबल, कोणाची लाइन जाते ते त्या त्या खात्याला समजतं. रस्त्यावरच्या कामासाठी ते ठीक आहे पण आपल्या कंपाउंडच्या आतली लाइन कोणत्या ॲपात सापडणार? ती प्लंबरच्या डोक्यात असते अन प्लंबर कधीच गाव सोडून गेलेला असतो. अन वरच्या तारा विसरू नका, पंजा उभा केला की तो सहज पहिल्या मजल्याच्या उंचीला जातो, खाली पाहणारा ऑपरेटर वर पाहतोच असं नाही.

बाजूची पाइपलाइन राहिलीच होती. ती पुढच्या मे महिन्यात केली. या वेळी साळ्यानं सांगितलं की हिंगण्याकडे एकाकडे छोटा पोकलेन आहे. तासाचे हजार, पण कमीत कमी ५ तास, आणि आणायला-न्यायला गाडीचे २५०० वेगळे, कारण ही मशीन रस्त्यानं चालतच नाही, माणसाच्या चालीनं सरकते, डांबरावर चालवली तर चेन झिजते म्हणून ४०७ वर, म्हणजे छोट्या ट्रकवर, चढवून आणतात. जेसीबी आपल्या पायानं येतो हा त्याचा केवढा मोठा फायदा आहे ते तेव्हा कळलं. दोन लोखंडी फळ्या लावून तो खाली उतरला, आणि उतरल्यावर ऑपरेटरनं एक दांडा ओढला तर चेनी आत सरकल्या, मशीन बारीक झाली! पाच फुटाच्या गल्लीतून दोन्ही बाजूला वीत-वीतभर जागा ठेवून सरळ मागं.

तिथून पुढचं काम मी खुर्ची टाकून पाहिलं. मिनीचा पंजा बुडापासून डावी-उजवीकडे मोडता येतो, त्यामुळं मशीन सरळ उभी ठेवून अगदी भिंतीला लागून चर खोदता येतो. (जेसीबीत पण मागचा पंजा बाजूला सरकवायची सोय असते, पण त्यासाठी क्लॅम्प सोडायचा, सरकवायचा, परत आवळायचा, ऑपरेटर लोक कंटाळा करतात.) एक फुटाची बकेट लावली होती, म्हणजे चार इंची पाइपसाठी एक फुटाचाच चर, जेसीबीनं दोन फुटाचा केला असता आणि ती जास्तीची माती परत भरायची कोणी, दाबायची कोणी? चर खोदत खोदत मशीन मागं सरकते, माती बाजूला लावते, शेवटी पुढं जे छोटं पातं असतं त्यानं माती परत लोटून बुजवते. पोर्चमधल्या पेव्हर ब्लॉकवर आधी प्लायवूड टाकून घेतलं होतं, रबराच्या चेनी असल्या तरी जागच्या जागी वळली की ब्लॉक उखडते. नळाच्या लाइनजवळ आल्यावर मीच थांबवलं आणि तिथं दोन फूट मजुराकडून फावड्यानं उकरून घेतलं. आता शहाणपण आलं होतं ना.

पण मिनीचा फार गोडवा गाऊ नये. हौसेनं मी म्हटलं, मशीन आलीच आहे तर पाइपच्या तोंडाशी एक आठ फुटाचा खड्डा पण करून घेऊ. पाच फुटावर कडक मुरूम लागला. जेसीबीनं जो पापड म्हणून फोडला तो इथं दगड झाला, दात नुसते खरवडून राहिले, मागून मशीनच उचलली जाऊन राहिली, पावणेदोन टनाचा जीव तो, जोर आणणार कुठून? अन इतक्या लहान मशिनीचा हातच सात-आठ फुटाच्या पुढं पोचत नाही. दीड तास घालवला, साडेसहा फुटावर हात जोडले आणि खड्डा खोल करायच्या ऐवजी रुंद करून घेतला. एकूण सात तास, ७,००० अधिक गाडीचे २,५००. साडेनऊ हजारात काम झालं, काही तुटलं नाही, बायको बोलली नाही. तीन-चार टनाचा मिनी असता तर मुरूम पण निघाला असता म्हणतात, पण तो माझ्या गल्लीतून गेला नसता, त्याला पाच फूट तर अंगालाच लागतात.

एक गोष्ट मात्र दोन्ही मशिनींना सारखीच लागू आहे, काळ्या मातीत छातीच्या वर खड्डा गेला की आत माणूस उतरवू नका, उतरवायचाच तर बाजूंना फळ्या-टेकू लावा. आणि काढलेली माती काठावर रचू नका, ती निदान तीन-चार फूट लांब टाका. ही माती फुगते-आकसते, तिच्या उभ्या भेगा असतात, भिंत ढासळताना आवाज पण देत नाही.

आता बागेचं. संत्र्याच्या बागेत पाणी साचलं की काय होतं ते काटोल-नरखेड-कळमेश्वरच्या कोणालाही विचारा, मुळं कुजतात, बुंध्यातून डिंक येतो, झाड पिवळं पडून वाळतं. आपल्या नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचे लोक कितीतरी वर्षांपासून सांगून राहिले की भारी जमिनीत ओळींमध्ये चर काढा. माझी झाडं १८ बाय १८ फुटावर, ऐकायला भरपूर वाटतं, पण पंधरा वर्षांच्या झाडांचा घेर झाला की मधे सात-आठ फूट उरतात, वर ठिबकच्या नळ्या. तिथं मी गावातला जेसीबी एका ओळीत घालून पाहिला. तो खोदतो तेव्हा जॅकवर उभा असतो, आठ-दहा फूट खोदलं की जॅक उचल, पुढं सरक, जॅक टेकव, प्रत्येक टेकवणीला दोन्ही बाजूच्या मुळांवर टनानं वजन. आणि अडीच फुटाच्या चरासाठी साडेसात टन जमिनीवरून फिरवायचे म्हणजे ज्या निचऱ्यासाठी हे सगळं चाललं आहे तीच जमीन चेपून घट्ट करायची. एका ओळीतच थांबवला. बाकीच्या ओळी मिनीनं केल्या, रबरी चेनीचा दाब इतका पसरलेला असतो की मागं पाहिलं तर जमिनीवर नुसती नक्षी उमटलेली. पावसाळ्याआधी, आंबिया बहाराची फळं अजून लहान असताना काम उरकलं. मे महिन्यात माती विटेसारखी झालेली असते, म्हणून आदल्या दिवशी ओळीत थोडं पाणी सोडलं होतं, जास्त नाही, नाही तर परत लोणी.

त्याच शेतात रस्त्यासाठी मुरमाचे सहा टिप्पर टाकले होते. पुतण्या म्हणाला मिनी आहेच तर त्यानंच पसरवू. अर्धा तास पाहिलं, चमच्यानं भात वाढल्यासारखं चाललं होतं. शेवटी गावातल्या त्याच जेसीबीला बोलावलं, त्याच्या पुढच्या बकेटीत एका वेळी घनमीटरभर मुरूम बसतो, दोन तासात सहाही ढीग पसरून, मागं-पुढं करून चाकानंच दाबून रस्ता तयार. उघड्या जागेत, जिथं माती उचलून न्यायची आहे, ट्रॉली भरायची आहे, लेव्हल करायची आहे, तिथं जेसीबीला तोड नाही. ज्याचा प्लॉट अजून रिकामा आहे त्यानं पाया, टाकी, शोषखड्डा, सगळं घर बांधायच्या आधीच जेसीबीनं करून घ्यावं, भिंती उभ्या झाल्यावर मग माझ्यासारखी पाडावी लागते.

हा पुतण्या आता मागं लागला आहे की आपल्या ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला मागून पंजा अन पुढून लोडर बसवू, घरचं काम होईल अन गावात भाड्यानं पण देऊ. मी नाही म्हणून राहिलो. एक तर तो पंजा नुसता अवजारं अडकवायच्या मागच्या तीन पॉइंटवर टांगायचा नसतो, खालून पूर्ण फ्रेम टाकावी लागते, नाही तर सगळा झटका ट्रॅक्टरच्या हाउसिंगवर येतो, आणि तिथं तडा गेला म्हणजे ट्रॅक्टर दुकानातच. पुढं लोडर लावला की पुढच्या ॲक्सलवर लोड, स्टीअरिंग जड, टायर वर्षभरात गुळगुळीत. आणि जूनमध्ये पेरणीला ट्रॅक्टर पाहिजे तेव्हा हे सगळं कोण सोडणार? एकदा सोडायला अर्धा दिवस, लावायला अर्धा दिवस, मग माणूस सोडतच नाही अन पेरणीला दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्यानं आणतो, असे दोन जण आमच्याच गावात आहेत. शिवाय शेतीसाठी पासिंग केलेला ट्रॅक्टर धंद्यात वापरला अन काही अपघात झाला तर इन्शुरन्सवाले काय म्हणतील ते सांगायला नको. वर्षाला चाळीस-पन्नास तासाच्या कामासाठी मशीन दारात बांधायची नसते, ना ही ना ती. ज्याला रोज काम आहे त्यानं घ्यावी, आणि त्यानंही आधी आपल्या भागात गल्ल्या जास्त आहेत की उघडं माळरान ते पाहावं.

सध्या महालात बहिणीकडे जुन्या वाड्याच्या मागं ड्रेनेजचं काम निघालं आहे. तिथली गल्ली म्हणजे समोरून स्कूटर आली तर माणसानं ओट्यावर चढायचं अशी. जावई म्हणाले, मामा, जेसीबीवाल्याचा नंबर द्या. मी मिनीवाल्याचा दिला. त्याला फोन लावला तर त्यानं पत्ता विचारायच्या आधी तीन गोष्टी विचारल्या, गल्लीत सगळ्यात अरुंद जागा किती फूट, तिथं वळण आहे का, आणि ४०७ उभी राहील एवढी जागा कोपऱ्यावर कुठं. जावई टेप घेऊन गेले. सगळ्यात अरुंद जागा सव्वाचार फूट निघाली, ओट्याच्या पायरीपाशी. मशीन जाते. पायरीवर मात्र शेजाऱ्यांची तुळस आहे, ती दोन दिवस उचलून ठेवायला त्यांनी होकार दिला, काम पोळ्यानंतर पाऊस उघडला की सुरू.

आपला,
एक वाचक
बेसा, नागपूर